भूमिका गाजल्यानंतर नटाने आपले नाव कसे राखावे

आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ या नाटकाचा पहिला प्रयोग १९६२ साली दिल्लीत झाला आणि निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे मराठी माणसाच्या बोलण्यात जाऊन बसला, तो आजतागायत. प्रभाकर पणशीकरांनी ही भूमिका हजारो प्रयोगांतून केली आणि पुढे आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्याला नाव दिले ‘तोच मी’. तिकडे अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ मालिकेत टोकदार कानांचा स्पॉक साकारणारे लिओनार्ड निमॉय यांनी १९७५ साली आपल्या पहिल्या आत्मकथनाला ‘मी स्पॉक नव्हे’ अशा अर्थाचे नाव दिले, त्यावरून चाहत्यांची नाराजी ओढवून घेतली आणि २० वर्षांनी, १९९५ साली, दुसऱ्या पुस्तकाला ‘मी स्पॉक आहे’ असे नाव दिले. दोन निराळ्या खंडांतले हे दोन नट एकाच ठिकाणी, म्हणजे भूमिकेच्या सावलीत न हरवता तिला आपली म्हणण्यापाशी, येऊन पोहोचले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्या नटाची किंवा नटीची एखादी भूमिका गाजली आहे, किंवा गाजू लागल्याची चाहूल लागली आहे, त्यांनी त्या ठिकाणापर्यंत कमीत कमी मनस्तापात कसे पोहोचावे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. तालमीच्या खोलीत तरुण नटांसोबत बरीच वर्षे काढल्यामुळे काही गोष्टी मी जवळून पाहिल्या आहेत, आणि बाकीच्या आपल्या रंगभूमीच्या इतिहासात सगळ्यांना दिसतील अशा आहेत.

सावली नेमकी कशाची पडली आहे?

पहिले काम वहीचे आहे. एक महिनाभर, रस्त्यात, दुकानात, लग्नकार्यात, प्रयोगानंतर रंगपटात जे जे कोणी भेटेल ते आपल्याला काय म्हणाले, हे रोज रात्री लिहून ठेवावे. कोणी आपली नक्कल केली असेल तर नेमकी कशाची केली, तेही लिहावे. महिन्याअखेरीस वही वाचली की बहुतेक वेळा असे आढळते की लोकांच्या मनात अख्खी भूमिका नसतेच. तिच्या दोन-तीन खुणा तेवढ्या शिल्लक असतात. कोणाचा पोशाख आणि चेहरा, कोणाचे एखादे वाक्य आणि ते म्हणण्याची लकब, कोणाचे पडद्यावरचे वागणे. या खुणा वेगवेगळ्या जातीच्या आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगवेगळे आहेत, म्हणून ही तपासणी टाळून पुढे जाऊ नये.

चेहऱ्याची खूण किती खोल जाऊ शकते हे पाहायचे असेल तर विष्णुपंत पागनीसांचे उदाहरण घ्यावे. संगीत नाटकांत स्त्रीभूमिका करणारे हे गायक नट १९३६ साली प्रभातच्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटात तुकाराम झाले, आणि पुढे घराघरांतल्या तुकोबांच्या कित्येक तसबिरींवर त्यांच्याच चेहऱ्याची छाप उतरली. त्यानंतर त्यांच्या वाट्याला तुलसीदास आले, नरसी मेहता आले. म्हणजे पुन्हा संतच आले. संताचे मूळ चित्र उपलब्ध नसलेल्या समाजाला एका नटाने चेहरा दिला, तेव्हा तो चेहरा परत मागणे त्या नटाला शक्यच नव्हते.

बोलण्याची आणि हाताची खूण दूरचित्रवाणीवर अधिक पडते, कारण ती आठवड्यामागून आठवडे पुन्हा पुन्हा दिसते. ‘सीआयडी’ ही मालिका १९९८ साली सुरू झाली आणि २० वर्षे अखंड चालली. हवेत बोटे फिरवत ‘कुछ तो गड़बड़ है’ म्हणणारे एसीपी प्रद्युम्न आणि शिवाजी साटम यांना आज कोणी वेगळे करून दाखवील, असे वाटत नाही. इथे प्रेक्षकाच्या कानात एक पट्टी आणि एक लय बसलेली असते. म्हणून ज्या नटाच्या वहीत वाक्यच वाक्य सापडेल त्याने आपले स्वतःचे ध्वनिमुद्रण ऐकून भूमिकेचा स्वर कोणत्या पट्टीत होता, श्वास कुठे तुटत होता, वाक्याचा शेवट वर जात होता की खाली पडत होता, हे कागदावर मांडावे. मग रोज अर्धा तास निराळ्या वळणाचे गद्य मोठ्याने वाचावे: एक दिवस एखादी ग्रामीण कथा, एक दिवस कोर्टाचा निकाल, एक दिवस लहान मुलांची गोष्ट. वर्षभर मालिकेत एकाच लयीत बोलणाऱ्या नटाची जीभ खरोखर त्या लयीत अडकते, आणि नव्या दिग्दर्शकासमोर पहिलेच वाक्य जुन्या माणसाचे निघते. हे मी पुष्कळदा ऐकले आहे, आणि प्रत्येक वेळी समोरचा नट स्वतः दचकला आहे.

सर्वांत अवघड खूण वागण्याची. निळू फुले यांनी पडद्यावर रंगवलेला गावगुंड पुढारी, पाटील, सरपंच इतका खरा उतरला की खेड्यापाड्यांतल्या बायकांना प्रत्यक्ष निळूभाऊंचीच धास्ती वाटे. वास्तवात हा माणूस राष्ट्र सेवा दलात घडलेला, पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम केलेला, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या आणि सामाजिक कृतज्ञता निधीच्या कामात मनापासून उतरलेला होता. अशा प्रतिमेवर केवळ पुढच्या भूमिकेचा उपाय पुरत नाही, कारण प्रेक्षकाचे मत माणसाविषयी झालेले असते आणि ते माणसालाच बदलावे लागते. निळूभाऊंनी मुलाखतींतून खुलासे करण्यापेक्षा गावोगावी लोकांमध्ये जाऊन काम केले, आणि ज्यांनी त्यांना तिथे पाहिले त्यांना दोन माणसे वेगळी करून सांगावी लागली नाहीत. वहीत आपल्या स्वभावाविषयीचे शेरे भरलेले दिसले तर हाच मार्ग धरावा, आणि तो लांबचा आहे हे आधीच मान्य करावे.

भूमिका चालू असतानाच करायच्या गोष्टी

भूमिका संपल्यावर सावलीचा विचार करू, असे म्हणणाऱ्याला उशीर झालेला असतो. खरे काम करारावर सही करण्याच्या दिवशी सुरू होते. दैनंदिन मालिकेचा करार बहुधा एक्सक्लुझिव्ह असतो. त्या काळात दुसऱ्या वाहिनीवर काम करता येत नाही, आणि कधीकधी चित्रपट व जाहिरातींसाठीही परवानगी घ्यावी लागते. हा करार वकिलाकडून वाचून घ्यावा, त्यात चार पैसे गेले तरी हरकत नाही. त्यात तीन गोष्टी विशेषकरून पाहाव्यात. नाटकाचे प्रयोग करण्याची मुभा लेखी आहे का, हे पहिले. तोंडी ‘सांभाळून घेऊ’ला दौऱ्याच्या दिवशी काही किंमत उरत नाही. कराराची मुदत वाढवण्याचा अधिकार एकट्या निर्मात्याकडे आहे की दोघांच्या संमतीने आहे, हे दुसरे. आणि भूमिकेच्या वेशातला आपला चेहरा मालिकेबाहेर, म्हणजे जाहिरातींत, खेळण्यांवर, कार्यक्रमांच्या फलकांवर, कुठे आणि किती काळ वापरला जाईल, हे तिसरे. माझ्या परिचयाच्या एका नटाला मालिका सोडून दोन वर्षे झाल्यावरही स्वतःचाच चेहरा एका मालाच्या पाकिटावर भेटत राहिला, कारण करारातल्या एका ओळीने तो कायमचा देऊन टाकला होता.

नाटकाची मुभा मी पहिल्या क्रमांकावर ठेवली, याचे कारण पणशीकरांच्या उदाहरणात आहे. लखोबाचे प्रयोग जोरात असतानाच ते ‘अश्रूंची झाली फुले’मधले प्राध्यापक विद्यानंद करत होते आणि ‘इथे ओशाळला मृत्यू’मधला औरंगजेब करत होते. आज ठग, उद्या सचोटीपायी उद्ध्वस्त होणारा प्राध्यापक, परवा थकलेला आणि क्रूर बादशहा, असे एकाच काळात पाहिलेल्या प्रेक्षकाच्या मनात नटाविषयी एक कुतूहल जागे राहते, आणि ते कुतूहल हेच नटाचे खरे भांडवल असते. शिवाय लखोबा ही भूमिकाच सोंगांची होती. दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, राधेश्याम महाराज अशी रूपे फिरत्या रंगमंचावर एकामागून एक पालटताना प्रेक्षकाला कथेतल्या ठगाबरोबर नटाचे कसबही दिसत होते. ज्या भूमिकेत नटाचे कसब उघड दिसते ती भूमिका नटाला गिळत नाही, असे माझे ठाम मत आहे. ज्या भूमिकेत नट स्वतःसारखाच दिसतो, स्वतःसारखाच बोलतो आणि वर तिला त्याचेच नाव दिलेले असते, तिथे धोका जास्त. म्हणून पात्राला आपले पाळण्यातले नाव देण्याची सूचना कोणी प्रेमाने केली तरी ती नम्रपणे नाकारावी.

रोज बारा-तेरा तास चित्रीकरण करणाऱ्याला नाटक कसे जमावे, हा प्रश्न रास्त आहे. व्यावसायिक नाटकाचे दौरे जमले नाहीत तर महिन्यातून दोन प्रायोगिक प्रयोग, एखादे अभिवाचन, आकाशवाणीवरची श्रुतिका, मित्राचा लघुपट, यांपैकी काहीतरी धरून ठेवावे. प्रेक्षक पन्नासच असले तरी चालतील. आपल्या शरीराला दुसऱ्या माणसाची सवय राहणे, हा त्यामागचा हेतू आहे.

आता सुपाऱ्यांविषयी, म्हणजे मानधन देऊन बोलावलेल्या कार्यक्रमांविषयी. भूमिका गाजली की गणेशोत्सव, दहीहंडी, दागिन्यांच्या दुकानांची उद्घाटने, हळदीकुंकवाचे समारंभ यांची आमंत्रणे येतात, आणि पुष्कळदा एका दुपारच्या सुपारीत मालिकेच्या कित्येक दिवसांचे मानधन मिळते. ते पैसे घेऊ नयेत असे मी म्हणणार नाही. नटाच्या आयुष्यात रिकामे महिने येतात आणि घरभाडे कुणाला चुकत नाही. परंतु काही पथ्ये पाळावीत. भूमिकेच्या पोशाखात जाऊ नये. फलकावर आणि पत्रिकेवर आपले नाव मोठ्या अक्षरांत आणि पात्राचे नाव त्याखाली असावे, हे आधी लेखी कळवावे. निवेदकाने पात्राच्या नावाने पुकारले तर माईक हातात येताच पहिल्या वाक्यात आपले नाव सांगावे. गाजलेले वाक्य म्हणा, असा आग्रह होणारच; ते एकदाच, शेवटी, पूर्ण ताकदीने म्हणावे, आणि त्याआधी एखादी कविता किंवा दुसऱ्या नाटकातला उतारा ऐकवावा. लोक तो आनंदाने ऐकतात, हा माझा अनुभव आहे. त्यांच्याकडे आपल्याला देण्यासाठी पाच मिनिटे असतात, आपण ती मागत नाही इतकेच.

पुढची भूमिका निवडताना

इथे नट सर्वाधिक चुकतात, आणि दोन्ही बाजूंनी चुकतात. एका बाजूला त्याच साच्यातल्या भूमिका लागोपाठ स्वीकारल्या जातात. कामाचे वर्णन करताना समोरचा माणूस आपल्या जुन्या पात्राचे नाव घेऊन ‘तसंच काहीतरी’ म्हणाला, तर ते काम पैशांसाठी घ्यावे लागले तरी वर्षातून एकच घ्यावे. दुसऱ्या बाजूला प्रतिमा मोडण्याच्या घाईत एकदम उलट्या टोकाला उडी मारली जाते. लक्ष्मीकांत बेर्डे यांनी १९९२ साली ‘एक होता विदूषक’ या जब्बार पटेलांच्या चित्रपटात केलेले काम त्यांच्या उत्तम कामांपैकी आहे, आणि त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. परंतु हसायला आलेल्या त्यांच्या नेहमीच्या प्रेक्षकाने त्या चित्रपटाकडे पाठ फिरवली. मला या गोष्टीचे आजही वाईट वाटते. त्यात नटाचे काही चुकले होते असे नाही; प्रेक्षकाला त्या अंतरापर्यंत हाताला धरून नेणाऱ्या मधल्या भूमिकाच त्याने पाहिलेल्या नव्हत्या.

त्याउलट दिलीप प्रभावळकरांचा प्रवास पाहावा. मुंबई दूरदर्शनवर ते चिमणराव झाले तेव्हा घराघरांत त्यांना त्याच नावाने हाक मारली जात होती. पुढे ‘हसवाफसवी’ नाटकात त्यांनी एकट्याने ६ भूमिका केल्या, १९९१ साली ‘चौकट राजा’मधला नंदू केला, १९९३ साली ‘झपाटलेला’तला तात्या विंचू केला, २००१ पासून ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ मालिकेतले आबा केले आणि २००६ साली ‘लगे रहो मुन्नाभाई’मध्ये महात्मा गांधी केले. या यादीत एक युक्ती दडलेली आहे. प्रत्येक पायरीवर आधीच्या भूमिकेतले काहीतरी सोबत आले आहे: चिमणरावाचा भाबडेपणा वेगळ्या, दुखऱ्या रूपात नंदूत उतरतो, आणि आबांचा मिस्कील शहाणपणा गांधींच्या हसण्यात सापडतो. नव्या भूमिकेचा विचार करताना म्हणूनच आपल्या वहीतल्या खुणा समोर घ्याव्यात आणि त्यांपैकी एक ठेवून बाकीच्या सोडता येतील का, हे पाहावे. लोकांना आवडलेला आवाज राहू द्यावा आणि वय, वर्ग, बोली बदलावी. किंवा विनोद राहू द्यावा आणि त्याखाली दुःख असलेला माणूस शोधावा.

फार मोठी झेप घ्यायचीच असेल तर दिग्दर्शक समर्थ हवा आणि भूमिका काठोकाठ लिहिलेली हवी. अमजद खान १९७५ साली ‘शोले’तला गब्बर झाले आणि अवघ्या दोन वर्षांत सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’मध्ये गाणारा, रडणारा, राज्य गमावणारा नवाब वाजिद अली शाह झाले. डॉ. श्रीराम लागू १९७० साली ‘नटसम्राट’मधले अप्पासाहेब बेलवलकर झाले आणि १९७२ पर्यंत ‘हिमालयाची सावली’ आणि ‘पिंजरा’ या दोन सर्वस्वी निराळ्या कामांत लोकांसमोर होते. दोघांनीही लोकांना वाट पाहायला लावली नाही, याकडे मुद्दाम लक्ष वेधतो. मोठ्या यशानंतर ‘योग्य’ भूमिकेची वाट पाहत तीन वर्षे घरी बसलेल्या नटाचे जुने पात्र त्या तीन वर्षांत पुनःप्रक्षेपणांतून आणखी पक्के होत जाते.

लोकांशी बोलताना

‘मला आता त्या भूमिकेबद्दल विचारू नका’ असे मुलाखतीत कधीही म्हणू नये. ज्या प्रेक्षकाने वर्षानुवर्षे आपल्याला घरात बसवून घेतले त्याला ते स्वतःचा अपमान वाटते, आणि निमॉय यांच्यासारख्या मुरलेल्या नटालाही तो गैरसमज दूर करायला पुढे पुष्कळ खटपट करावी लागली. भूमिकेविषयी आदराने, नेमके आणि थोडक्यात बोलावे. ती कशी रचली, कोणता प्रसंग अवघड गेला, लेखकाने काय दिले, दिग्दर्शकाने काय सुधारले, हे सांगावे. भूमिका ही केलेली गोष्ट आहे, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळते. घडवणाऱ्याकडे त्याचे लक्ष जाते ते अशा बोलण्यातून.

देवाची भूमिका केलेल्या नटापुढचा प्रसंग नाजूक असतो. १९८७-८८ मध्ये ‘रामायण’ मालिका चालू असताना लोक दूरचित्रवाणी संचाला हार घालत आणि प्रत्यक्ष भेटीत अरुण गोविल यांच्या पाया पडत. अशा वेळी वाकलेल्या म्हाताऱ्या बाईंना ‘मी राम नाही हो’ असे ऐकवण्यात काही अर्थ नसतो. त्यांना ते माहीत असते. त्यांना खांद्याला धरून उठवावे, आपणच नमस्कार करावा, आपले नाव सांगून त्यांचे विचारावे, आणि घरी कोण कोण मालिका पाहते याची दोन वाक्ये बोलावीत. माझ्या तालमीत येणारी एक मुलगी मालिकेत छळवादी नणंद करत होती. मंडईत एका भाजीवाल्या मावशींनी तिला कोथिंबीर द्यायला साफ नकार दिला. ती रडत घरी गेली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच मावशींकडे गेली, ओट्यावर बसली आणि म्हणाली, ‘‘मावशी, ती बया मलापण आवडत नाही, पण तिला इतकी वाईट करायला मला रोज पहाटे उठावं लागतं.’’ त्या दिवसापासून मावशी तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारतात आणि काल तू फार ओरडलीस, असा अभिनयाचा अभिप्रायही देतात.

भूमिका दुसऱ्याच्या हाती देणे

नाटकाला एक सोय आहे जी मालिकेला सहसा नसते: भूमिका पुढच्या नटाकडे जाते. अप्पासाहेब बेलवलकर डॉ. लागूंनंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी केले, आणि प्रत्येक नव्या बेलवलकरांबरोबर लोक तुलना करू लागले. तुलना सुरू झाली की भूमिका आणि नट आपोआप दोन होतात. लखोबाही पणशीकरांनंतर गिरीश ओक यांनी केला. म्हणून आपली गाजलेली भूमिका दुसरा कोणी करतो आहे असे कळले तर अस्वस्थ होऊ नये. त्याच्या तालमीला जावे, बोलावले तर शिकवावे, पहिल्या प्रयोगाला तिसऱ्या रांगेत बसावे. मालिकेच्या नटाने हेच काम दिग्दर्शन किंवा लेखनाच्या बाजूने करावे. ‘महाभारत’मधले श्रीकृष्ण नितीश भारद्वाज यांनी २०१३ साली ‘पितृऋण’ हा मराठी चित्रपट दिग्दर्शित केला, तेव्हा लोकांना त्यांच्याविषयी बोलायला एक नवे कारण मिळाले.

काही नटांना या सगळ्याची गरजही वाटणार नाही. एकाच भूमिकेत रमलेला, तिच्याच नावाने हाक मारली की ओ देणारा आणि त्यात तृप्त असणारा कलावंत मी पाहिला आहे, आणि त्याला कोणी उगाच बाहेर ओढू नये.

ज्यांना गरज आहे त्यांनी पहिली वही जपून ठेवावी आणि बरोबर एका वर्षाने दुसरी लिहावी, तोच महिना, तेच रस्ते, तीच दुकाने. दोन्ही वह्या शेजारी ठेवून आपले स्वतःचे नाव किती वेळा आले ते मोजावे, दुसऱ्या एखाद्या कामाचा उल्लेख कोणी केला असेल तर त्याखाली रेघ मारावी, आणि त्या रेघेवरून पुढच्या वर्षाचे काम ठरवावे.